वाचक विचारतात: ड्रायव्हरची रांग मोडावी का, आणि कुठे?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयाचे आहेत. यंत्र सुरू होताना ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम) असिंक्रोनस पद्धतीने, म्हणजे एकमेकांसाठी न थांबता, लोड केले तर किती वेळ वाचतो आणि त्यात काय बिघडू शकतं? उत्तरं मुख्यतः लिनक्सची आहेत, कारण तिथे ही सोय थेट आपल्या हातात असते. विंडोजबद्दलचाही एक प्रश्न घेतला आहे. आज्ञा आणि पॅरामीटर उच्चाराप्रमाणे छापले आहेत आणि अंडरस्कोर जिथल्या तिथे ठेवले आहेत.

प्रश्न: ड्रायव्हर तेवढेच, उपकरणं तेवढीच. मग असिंक्रोनस लोडिंगने वेळ वाचतो तो कुठून?

काम तेवढंच राहतं, वाचतो तो ताटकळण्याचा वेळ. ड्रायव्हरला जुळणारं उपकरण सापडलं की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) त्या ड्रायव्हरचं प्रोब हे फंक्शन चालवतो. त्यात प्रोसेसरला करायचं काम बहुतेकदा किरकोळ असतं. खरा वेळ जातो वाट पाहण्यात. टचस्क्रीनच्या चिपला रीसेट दिला की ती जागी होईपर्यंत थांबायचं. यूएसबी पोर्टवर काही जोडलेलं दिसलं की जोडणी स्थिर झाल्याची खात्री होईपर्यंत १०० मिलिसेकंद थांबायचं. फिरती हार्ड डिस्क असेल तर तबकडी वेग घेईपर्यंत काही सेकंद थांबायचं. तेवढा वेळ प्रोसेसर रिकामा असतो, आणि नेहमीच्या पद्धतीत मागचे सगळे ड्रायव्हर रांगेत खोळंबलेले असतात.

समजा तीन उपकरणांना ४००, २५० आणि ३०० मिलिसेकंद लागतात. एकापाठोपाठ घेतली तर ९५० मिलिसेकंद जातील. तिघांची वाट एकाच वेळी पाहिली तर सगळ्यांत संथ उपकरणाइतका, म्हणजे साधारण ४०० मिलिसेकंद, वेळ लागेल. यातून एक मर्यादाही लगेच दिसते: उपकरणं कितीही समांतर घेतली तरी सगळ्यांत संथ उपकरणाच्या वेळेखाली जाता येत नाही. म्हणून आधी ते संथ उपकरण शोधायचं असतं.

कर्नलमध्ये हे एका फटक्यात आलेलं नाही. २००८ साली लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्समध्ये आर्यान व्हान दे व्हेन आणि आउके कोक यांनी ईईई पीसी हा छोटा लॅपटॉप ५ सेकंदांत सुरू करून दाखवला. पुढच्या वर्षी, २.६.२९ या आवृत्तीत, व्हान दे व्हेन यांची असिंक्रोनस फंक्शन कॉलची यंत्रणा कर्नलमध्ये दाखल झाली. डिस्क जोडायच्या साटा पोर्टची तपासणी तिच्यावर चालते. मात्र कोणत्याही ड्रायव्हरचं प्रोब रांगेबाहेर काढण्याची सर्वसाधारण सोय २०१५ साली ४.२ आवृत्तीत मिळाली. त्यामागचं एक कारण २०१४ साली पुढे आलं होतं. काही स्टोरेज आणि नेटवर्क कार्डांच्या प्रोबला ३० सेकंदांहून जास्त वेळ लागे आणि तेवढ्यात यूडेव्ह (उपकरण दिसलं की त्याचा ड्रायव्हर लोड करवणारा प्रोग्रॅम) मुदत संपली म्हणून मॉड्यूल, म्हणजे कर्नलबाहेर ठेवलेला ड्रायव्हर, लोड करणारी प्रक्रियाच मारून टाकी.

प्रश्न: माझ्या यंत्रात नेमका कोणता ड्रायव्हर अडवतो आहे, हे कसं शोधू?

हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा, आणि तोच बहुतेक जण गाळतात. पहिली पायरी म्हणून सिस्टमडी-अॅनलाइझ ही आज्ञा चालवा (सिस्टमडी म्हणजे सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम). फर्मवेअर, बूटलोडर, कर्नल, इनिटआरडी (मुख्य फाइलसिस्टम जोडण्याआधीची तात्पुरती फाइलसिस्टम) आणि यूजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम) यांचा वेळ वेगवेगळा दिसेल. कर्नलचा भाग दीड सेकंद आणि यूजरस्पेसचा वीस सेकंद असेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागून हाती काही लागणार नाही. मग त्याच आज्ञेचा क्रिटिकल-चेन हा पर्याय बघा. ब्लेम या पर्यायाने मिळणारी यादी फसवते, कारण तिथे समांतर चाललेल्या सेवांचे वेळ एकाखाली एक येतात आणि दुसऱ्यासाठी थांबलेली सेवाही दोषी ठरते.

कर्नलचाच भाग मोठा निघाला तर कमांड लाइनवर, म्हणजे बूटलोडर कर्नलला देतो त्या पर्यायांच्या ओळीत, इनिटकॉल_डीबग जोडा. नोंदी खूप येतात म्हणून लॉग_बफ_लेन=१६एम हेही द्या, नाहीतर सुरुवातीच्या ओळी पुसल्या जातात. यंत्र सुरू झालं की डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेत) प्रत्येक इनिटकॉल, म्हणजे कर्नलच्या एकेका भागाची सुरुवात करणारं फंक्शन, किती मायक्रोसेकंदांत परतला हे दिसतं, आणि नव्या कर्नलमध्ये प्रत्येक उपकरणाच्या प्रोबचीही वेगळी ओळ असते. आकडा मायक्रोसेकंदांत असतो हे विसरू नका: ४१२३४५ म्हणजे ०.४१ सेकंद. आकड्यांप्रमाणे ओळी लावून वरच्या दहा काढा. त्याखालच्या ओळींकडे बघण्यात अर्थ नसतो. चित्र हवं असेल तर कर्नलच्या सोर्समध्ये स्क्रिप्ट्स या फोल्डरात बूटग्राफ नावाची पर्ल स्क्रिप्ट आहे. तिला डीमेसगचं आउटपुट दिलं की एसव्हीजी आलेख मिळतो.

इथे दोन सापळे आहेत. पहिला सिरियल कन्सोलचा, जिथे नोंदी तारेवरून एकेक अक्षर करून जातात. ११५२०० बॉड वेगाने सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात. ८० अक्षरांच्या एका ओळीला जवळपास ७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हजार ओळींना ७ सेकंद. मोजमाप करतानाच तुम्ही यंत्र संथ केलेलं असतं. म्हणून क्वाएट द्या. नोंदी बफरमध्ये तशाच राहतात, फक्त कन्सोलवर उमटत नाहीत. दुसरा सापळा असिंक (असिंक्रोनस प्रोब) चालू केल्यानंतरचा. इनिटकॉलचा आकडा एकदम शून्याजवळ येतो आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं, पण ते काम फक्त दुसऱ्या धाग्यावर (थ्रेडवर) गेलेलं असतं. त्यामुळे इनिटकॉलच्या आकड्यांची तुलना करू नका. इनिट ही पहिली प्रक्रिया कोणत्या क्षणी सुरू झाली, ते आधी आणि नंतर पाहा. प्रत्येक वेळी वीज पूर्ण तोडून किमान पाच वेळा मोजा आणि मधला आकडा धरा. नुसतं रीबूट केलं तर हार्ड डिस्क आधीच फिरत असते आणि आकडे उगाच चांगले येतात.

प्रश्न: कर्नल पुन्हा कंपाइल न करता हे चालू करता येतं का?

येतं. ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला असेल तर कमांड लाइनवर ड्रायव्हर_असिंक_प्रोब= लिहून पुढे ड्रायव्हरची नावं स्वल्पविरामाने जोडा, मध्ये जागा सोडू नका. इथे ड्रायव्हरचं नाव लागतं, मॉड्यूलचं नाही, आणि दोन्ही नेहमी सारखी नसतात. खरं नाव सिस या फाइलसिस्टममध्ये बस या फोल्डराखाली त्या-त्या बसच्या ड्रायव्हर्स यादीत दिसतं, तिथून जसंच्या तसं उचला. हायफनच्या जागी अंडरस्कोर पडला तर कर्नल तक्रार करत नाही, नुसतं दुर्लक्ष करतो.

ड्रायव्हर मॉड्यूल असेल तर मॉडप्रोब या मॉड्यूल लोड करणाऱ्या आज्ञेच्या सेटिंग फाइलमध्ये ऑप्शन्स, मग मॉड्यूलचं नाव, मग असिंक_प्रोब अशी ओळ घाला. तो मॉड्यूल इनिटरॅमएफएसमधून (म्हणजे वरच्या इनिटआरडीतून) लोड होत असेल तर इनिटरॅमएफएस नव्याने बांधा. ‘ओळ घातली, पण फरक पडला नाही’ या तक्रारीमागे बहुधा हीच गोष्ट असते.

ज्या ड्रायव्हरच्या लेखकाने सक्तीने सिंक्रोनस (रांगेतच) असं लिहून ठेवलं आहे, त्याच्यावर कमांड लाइनचा परिणाम होत नाही. ती सक्ती सहसा कारणाने घातलेली असते. ती उठवायच्या आधी कोडचा इतिहास वाचा.

प्रश्न: मी स्वतः ड्रायव्हर लिहितो. प्रोबचा प्रकार बदलून असिंक्रोनसला पसंती लिहिली की झालं का?

लिहायची ओळ एकच आहे: डिव्हाइस_ड्रायव्हर या स्ट्रक्चरमधल्या प्रोब_टाइप या सदस्याला प्रोब_प्रिफर_असिंक्रोनस ही किंमत द्यायची. पण त्याआधी कोडमध्ये बरंच तपासावं लागतं.

स्टॅटिक मोजणी करणारे चल शोधा. ‘पहिलं उपकरण शून्य, दुसरं एक’ असा क्रमांक साध्या वाढीने देत असाल, तर दोन प्रोब एकाच क्षणी चालले की दोघांना एकच क्रमांक मिळू शकतो. तिथे आयडीए, म्हणजे कर्नलची क्रमांक वाटण्याची सोय, वापरा. दोन उपकरणं एकाच रजिस्टरला हात लावत असतील तर लॉक हवा. रांग होती तोवर लॉक नसल्याचं कळत नव्हतं, एवढंच. ड्रायव्हर नोंदवल्यावर पुढच्याच ओळीत उपकरण तयार आहे असं गृहीत धरलं असेल तर ती ओळ हलवा. प्लॅटफॉर्म_ड्रायव्हर_प्रोब या फंक्शनने नोंदणी करत असाल तर असिंक्रोनस पसंती चालतच नाही, नोंदणी चुकीचा संकेत देऊन परत येते. त्या पद्धतीत प्रोबचा कोड इनिट विभागात ठेवता येतो आणि तो विभाग सुरुवात संपल्यावर मेमरीतून काढून टाकला जातो.

सर्वांत घातक चूक म्हणजे प्रोबमधून दुसरं मॉड्यूल मागवून त्याची वाट पाहणं. मॉड्यूल लोड होताना शेवटी कर्नल चालू असलेली सगळी असिंक कामं संपण्याची वाट पाहतो. तुमचं प्रोब हेही त्यांतलंच एक काम. म्हणजे प्रोब मॉड्यूलची वाट पाहतं, मॉड्यूल प्रोबची, आणि दोघंही कायमची अडकतात. कर्नल यासाठी मुद्दाम इशारा छापतो. तो दिसला तर दुर्लक्ष करू नका.

हाच नियम आणखी एका ठिकाणी नडतो. कोडमध्ये पसंती लिहिली म्हणून मॉडप्रोब लगेच परतेल असं नाही. प्रोब वेगळ्या धाग्यावर जातं, पण मॉडप्रोब शेवटी थांबतोच. त्याने थांबू नये असं हवं असेल तर मागच्या उत्तरातला मॉड्यूलचा असिंक_प्रोब हा पर्यायच द्यावा लागतो.

प्रश्न: नव्या कर्नलवर गेल्यापासून बोर्ड कधी सुरू होतं, कधी रूट (मुख्य) फाइलसिस्टम सापडत नाही म्हणून थांबतं. बोर्डवर ईएमएमसी (पक्की बसवलेली साठवण चिप) आहे आणि एसडी कार्डही लावलं आहे.

‘कधी होतं, कधी नाही’ हीच खूण पुरेशी आहे. ५.१० आवृत्तीत ईएमएमसी आणि एसडी कार्ड हाताळणाऱ्या एमएमसी कंट्रोलरचे बरेच ड्रायव्हर असिंक्रोनस झाले. आधी ईएमएमसी नेहमी शून्य क्रमांकावर येत असे, कारण तिचा कंट्रोलर रांगेत पुढे होता. आता जो आधी तयार होईल तो शून्य होतो. तुमच्या कमांड लाइनवर रूट म्हणून एमएमसीबीएलके० चा (शून्य क्रमांकाच्या साठवणीचा) विभाग लिहिलेला असणार. एसडी कार्डाने आघाडी घेतली की कर्नल चुकीच्या जागी शोधतो.

कायमचा उपाय म्हणजे रूट=पार्टयूयूआयडी= असं लिहून विभागाची ओळख देणं. ही ओळख बीएलकेआयडी या आज्ञेने मिळते. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर ती आठ षोडशमान अंक, हायफन आणि दोन अंकी विभाग क्रमांक अशी असते. फाइलसिस्टमची यूयूआयडी इथे चालणार नाही. ती ओळखण्याचं काम इनिटरॅमएफएसमधले प्रोग्रॅम करतात, एकटा कर्नल ते करत नाही, आणि छोट्या बोर्डांवर इनिटरॅमएफएस पुष्कळदा नसतंच. सोबत रूटवेट द्या, म्हणजे डिस्क उशिरा आली तरी कर्नल तिच्यासाठी थांबेल. रूटडिले देऊन पाच-दहा सेकंद सक्तीने झोपवणं हा वाईट तोडगा आहे. डिस्क अर्ध्या सेकंदात आली तरी ती झोप पुरी केली जाते आणि असिंकने कमावलेलं सगळं तिथेच जातं.

क्रमांक ठरलेलेच हवे असतील तर डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवरच्या उपकरणांच्या वर्णनात) एलियासेस या भागात एमएमसी० आणि एमएमसी१ कोणत्या कंट्रोलरचे ते लिहा. ही सोयही ५.१० पासून आहे.

आणि कृपया अपडेटच्या स्क्रिप्ट आजच तपासा. डीडी या आज्ञेने थेट एमएमसीबीएलके० वर प्रतिमा लिहिणारी स्क्रिप्ट असेल, तर एखाद्या दिवशी ती भलत्याच कार्डावर लिहून सगळा डेटा पुसेल. बोर्ड सुरू न होणं त्यापुढे काहीच नाही. स्क्रिप्टमध्ये डेव्ह फोल्डराखालच्या डिस्क, बाय-पाथ इथली नावं वापरा. एफएसटॅब (जोडायच्या फाइलसिस्टमची यादी) आणि बूटलोडरच्या सेटिंगमध्येही तोच बदल करा.

प्रश्न: डिफर्ड प्रोब आणि असिंक प्रोब एकच का?

नाही. डिफर्ड म्हणजे ‘मला लागणारी वस्तू अजून आलेली नाही, नंतर बोलवा’. ड्रायव्हर तसा संकेत देऊन परततो आणि दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरचं प्रोब यशस्वी झालं की त्याला पुन्हा संधी मिळते. हे ३.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून आहे. असिंकमध्ये ‘नंतर’ असं काही नसतं, फक्त ‘बाजूला’ असतं. दोन्ही एकत्र चालतात आणि चालायलाच हवेत, कारण क्रम सुटला की वीजपुरवठ्याचा रेग्युलेटर किंवा क्लॉक तयार नसण्याचे प्रसंग वाढतात.

इथे मात्र हमखास वेळ वाया जातो तो असा: पुन्हा संधी मिळते तेव्हा प्रोब पहिल्या ओळीपासून चालतं. आधी चिप रीसेट करून २०० मिलिसेकंद थांबायचं आणि मग रेग्युलेटर मागायचा असा कोड असेल, तर तीनदा परत पाठवलं की ६०० मिलिसेकंद पाण्यात. आधी सगळी साधनं मागून घ्या, ती मिळाल्यावरच रीसेट आणि थांबणं. एवढा क्रम बदलला तरी पुष्कळदा असिंकची गरजच राहत नाही. कोण अडकून पडलं आहे ते डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलसिस्टममधल्या) डिव्हायसेस_डिफर्ड या फाइलमध्ये दिसतं.

प्रश्न: नावं लिहीत बसण्यापेक्षा ड्रायव्हर_असिंक_प्रोब= पुढे तारांकित चिन्ह देऊन सगळेच ड्रायव्हर असिंक केले. दोन यंत्रांवर काहीच फरक नाही, तिसरं अडकून बसलं. असं का?

फरक न पडण्याची कारणं आधी. डेस्कटॉपच्या वितरणांत बहुतेक ड्रायव्हर मॉड्यूल असतात आणि यूडेव्ह ती अनेक प्रक्रियांतून आधीच समांतर लोड करतो. तिथे मिळवण्यासारखं थोडंच उरतं. दुसरं कारण असं की इनिट सुरू करण्याआधी कर्नल सगळी असिंक कामं संपण्याची वाट पाहतो. कर्नलमध्ये बांधलेल्या एखाद्या ड्रायव्हरला ३ सेकंद लागत असतील, तर तो असिंक झाला तरी इनिट ३ सेकंद थांबेल. अशा ड्रायव्हरला मॉड्यूल करून नंतर लोड करणं हाच मार्ग आहे. रूट डिस्कसाठी तो लागत नसेल तर अजिबात कचरू नका. तिसरं, वेळ जर खरोखर गणनेत जात असेल आणि यंत्राला एकच कोर असेल, तर समांतर चालवून काही मिळत नाही. एकाच आय२सी बसवरची (चिप जोडणाऱ्या सामाईक तारांवरची) उपकरणंही बोलताना एकमेकांसाठी थांबतात, फक्त त्यांच्या झोपेचा वेळ एकत्र जातो.

अडकलेल्या यंत्रासाठी इनिटकॉल_डीबग आणि इग्नोर_लॉगलेव्हल देऊन, क्वाएट काढून, सिरियल कन्सोल लावा. सुरू झाल्याची ओळ आहे पण परतल्याची नाही, असा इनिटकॉल शोधा. कन्सोलवरून सिसआरक्यू (कर्नलला थेट आज्ञा देणारी कळ) आणि डब्ल्यू दिलं तर अडकलेल्या कामांची यादी येते. मग अर्धे-अर्धे करत जा. नव्या कर्नलमध्ये तारांकित चिन्हानंतर लिहिलेली नावं वगळली जातात, त्यामुळे निम्मे ड्रायव्हर वगळून पाहणं सोपं आहे. सुरळीत चालणाऱ्या यंत्रावरही तारांकित चिन्ह कायम ठेवू नका. मोजून निघालेल्या तीन-चार नावांनी जवळजवळ सगळा फायदा मिळतो, आणि उद्या काही बिघडलं तर संशय घ्यायला तीन-चारच जागा असतात.

प्रश्न: वायफायचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बांधला तर फर्मवेअर (उपकरणात भरायचा प्रोग्रॅम) सापडत नाही, उणे २ अशी त्रुटी येते. असिंक केल्याने सुटेल का?

त्यावर विसंबू नका. उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही. प्रोब चाललं तेव्हा रूट फाइलसिस्टम जोडलेलीच नव्हती. असिंक केल्यावर एखाद्या वेळी जुळून येईल, पण ती शर्यत आहे. फर्मवेअर इनिटरॅमएफएसमध्ये ठेवा, किंवा एक्स्ट्रा_फर्मवेअर या पर्यायाने कर्नलमध्येच बांधा, किंवा ड्रायव्हर मॉड्यूल करा. तिसरा उपाय सर्वांत सोपा.

प्रश्न: विंडोजमध्ये कोणता ड्रायव्हर वेळ खातो ते कसं कळेल?

आधी हे लक्षात घ्या की विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना कर्नलची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. म्हणजे ड्रायव्हरची पूर्ण सुरुवात त्यात होतच नाही. खरा वेळ मोजायचा असेल तर रीस्टार्ट करा. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल या क्रमाने जा. १०० क्रमांकाच्या नोंदीत सुरू होण्याचा एकूण वेळ मिलिसेकंदांत असतो. १०२ ही नोंद नेहमीपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या ड्रायव्हरची, १०३ सेवेची.

प्रश्न: सेन्सरचा ड्रायव्हर असिंक केला. यंत्र लवकर सुरू होतं, पण सेन्सर वाचणारी सेवा ‘उपकरण नाही’ म्हणून बंद पडते. सेवेच्या आधी पाच सेकंदांची झोप घातली तर चालेल?

झोप घालू नका. आज पाच सेकंद पुरतील, थंड हवेत किंवा जुन्या कार्डावर पुरणार नाहीत. सेवेला उपकरणाचीच वाट पाहायला लावा. यूडेव्हच्या नियमात त्या उपकरणाला सिस्टमडी हा टॅग द्या, म्हणजे त्याच्या नावाचं डिव्हाइस युनिट तयार होतं. सेवेच्या युनिट फाइलमध्ये रिक्वायर्स आणि आफ्टर या दोन्ही ओळींत ते युनिट लिहा. नुसतं आफ्टर लिहून भागत नाही, कारण ते फक्त क्रम सांगतं, युनिट मागवत नाही. उपकरण आलं की त्याच क्षणी सेवा सुरू होईल. ते आलंच नाही तर सिस्टमडी ठरलेल्या मुदतीपर्यंत, म्हणजे सहसा ९० सेकंद, थांबून स्पष्ट त्रुटी नोंदवेल. ही मुदत जास्त वाटत असेल तर त्या डिव्हाइस युनिटला जॉब-टाइमआउट देऊन ती कमी करा.